आवाजाचे यंत्र : जनावर हाकलायला घ्या, बोलवायला नको

शेताच्या राखणीसाठी आवाज करणारी विजेची यंत्रे आता तालुक्याच्या बाजारात, कृषी प्रदर्शनात आणि मोबाइलवरून घरपोचही मिळू लागली आहेत. काही ओंजळीत मावतात, काहींना खांबावर चढवायचा कर्णा, बॅटरी आणि सौर पट्टी लागते. आत मेमरी कार्ड असते. त्यावर कुत्र्याच्या भुंकण्यापासून वाघाच्या डरकाळीपर्यंत पन्नास-शंभर आवाज भरलेले असतात. किमती काही शेकड्यांपासून कित्येक हजारांपर्यंत आहेत. साहजिकच शेतकऱ्यांचा प्रश्न असतो, “साहेब, ह्यातलं कंचं घ्यावं?”

हा प्रश्न ताथवडे, पुनावळे, वाकड, मारुंजी या पट्ट्यातून जास्त येतो, याला कारण आहे. ताथवडे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. पशुसंवर्धन खात्याच्या वळू प्रक्षेत्रामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावात आज इमारती, महाविद्यालये आणि महामार्गाची वर्दळ आहे. बऱ्याच घरांची जमीन गेली, पण शेतीची ओढ काही गेली नाही. आलेल्या पैशातून कोणी मावळ-मुळशीत भातखाचरे घेतली, कोणी खेड-शिरूरकडे ऊस आणि कांद्याची जमीन घेतली. राहायचे ताथवड्यात आणि शेत चाळीस-पन्नास किलोमीटरवर. शेतावर एखादे मजूर कुटुंब, दोन-चार शेळ्या आणि एक कुत्रे. मालक शनिवार-रविवारी जाणार. मग वाटते, रात्रीची राखण यंत्राने केली तर?

विचार चुकीचा नाही. पण या यंत्रांच्या दोन जाती आहेत आणि दुकानदार त्या वेगळ्या करून सांगत नाही. एक जात जनावराला हाकलते, दुसरी जनावराला बोलावते. डबा एकच, कर्णा एकच, फरक फक्त आतल्या आवाजाचा. हा फरक न कळता बटण दाबले तर काय होईल, हे आधी समजून घेतले पाहिजे.

बोलावणारे यंत्र आले कुठून?

अमेरिकेत कायोटी नावाचा, आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा प्राणी आहे. मेंढ्या-कोकरांना तो त्रास देतो म्हणून तिथल्या बऱ्याच राज्यांत त्याच्या शिकारीला परवानगी आहे. तिथले शिकारी जखमी सशाच्या किंकाळीचा, हरणाच्या पाडसाच्या रडण्याचा किंवा मादीच्या हाकेचा ध्वनिमुद्रित आवाज लावतात. यंत्र स्वतःपासून दूर ठेवतात, रिमोटने चालू-बंद करतात आणि वाऱ्याची दिशा बघून दबा धरतात. आयती शिकार मिळेल म्हणून कायोटी आवाजाकडे येतो. यंत्र कोणते घ्यावे, आवाज किती मोठा हवा, रिमोट किती लांबून चालावा, यावर तिकडे भरपूर लिहिले जाते. आपल्याकडे मोबाइलवर दिसणारी बरीचशी यंत्रे आणि त्यांच्या जाहिराती याच धर्तीच्या आहेत. मात्र त्याच अमेरिकेत बहुतेक स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या शिकारीत ध्वनिमुद्रित आवाज वापरायला बंदी आहे. कारण अशा आवाजापुढे पाखराचा निभाव लागत नाही.

हाक मारून जनावर बोलावण्याची युक्ती आपल्या देशालाही नवी नाही. जिम कॉर्बेटने १९३८ साली कुमाऊँमधल्या ठाक गावची नरभक्षक वाघीण नर वाघाची हाक काढून बोलावली होती. तो काळ वेगळा, कायदा वेगळा आणि हाक मारणारा माणूसही वेगळा. त्या गोष्टीतून आपण एवढेच घ्यावे की हाक दिली तर जनावर खरोखर येते. ते आल्यावर पुढे काय करायचे, याचे उत्तर यंत्राच्या खोक्यावर छापलेले नसते.

“वनखातं शेळी बांधतं, मी आवाज लावला तर काय बिघडलं?”

ताथवड्याचे एक शेतकरी, शेत खेड तालुक्यात. गोठ्याशेजारच्या कुडाच्या खोपटातून बिबट्याने दोन शेळ्या नेल्या. मुलाने मोबाइलवरून रिमोटचे यंत्र मागवले. त्यात बकरीच्या करडाचा आवाज होता. बेत असा की, रात्री वस्तीपासून शंभर पावलांवर यंत्र लावायचे, ट्रॅक्टरच्या उजेडात बिबट्या बघायचा आणि चार-सहा जणांनी मिळून “त्याचा निकाल लावायचा”. वडिलांना हे पटत नव्हते, पण मुलाचा सवाल त्यांना बिनतोड वाटत होता. “वनखातं पिंजऱ्यात शेळी बांधतं, ते चालतं. मग म्या नुसता आवाज लावला तर काय बिघडलं?”

हा सवाल गावोगाव आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

पहिली गोष्ट कायद्याची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार म्हणजे केवळ गोळी घालणे नव्हे. पकडणे, फासे लावणे, शिकारीसाठी हाकून काढणे, आमिष दाखवणे आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणे, हे सगळे शिकारीच्या व्याख्येत येते. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान २५ हजार रुपये झाला आहे. करडाचा आवाज हे आमिषच आहे. वनखात्याचा पिंजरा लागतो तो वरिष्ठ वन अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीने. बिबट्या माणसाच्या जिवाला धोका झाला असेल तर त्याला पकडण्याचा किंवा मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतो. सरपंच, पोलीस पाटील किंवा जमलेला जमाव देऊ शकत नाही.

याच कायद्यात एक कलम शेतकऱ्याच्या बाजूचे आहे. अंगावर आलेल्या जनावराला स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे मारले, तर तो गुन्हा होत नाही. पण त्याच कलमाची पुढची ओळ फार जण वाचत नाहीत. ज्या वेळी ही वेळ आली त्या वेळी माणूस स्वतःच कायदा मोडत असेल, तर त्याला ही सवलत नाही. म्हणजे बिबट्याला तुम्ही बोलावले, तो अंगावर आला आणि तुम्ही मारला, तर “जीव वाचवायला मारला” हे म्हणणे टिकायचे नाही.

दुसरी गोष्ट कायद्याहून मोठी आहे. वनखात्याच्या पिंजऱ्यात शेळी आणि बिबट्या यांच्यामध्ये लोखंडी जाळी असते. यंत्राच्या आवाजात आणि तुमच्या अंगणात काय असते? काही नाही. आवाज ऐकून बिबट्या येतो, यंत्राजवळ करडू सापडत नाही. तो रिकाम्या पोटी आलेला असतो. मग आजूबाजूला पाहतो. तिथे वस्तीवरचे कुत्रे असते, ओसरीवर झोपलेली माणसे असतात, पहाटे परसाकडे जाणारी बाई असते. उसात काम करताना वाकलेला माणूस किंवा लहान पोर बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखे दिसते, असे जाणकार सांगतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत जीव गेले आणि चिडलेले लोक महामार्गावर उतरले. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना बिबट्याला वस्तीजवळ हाक मारणे हा खेळ वाटणार नाही.

बिबट्या उसात का राहतो?

“जंगलातला वाघ जंगलात सोडा” ही मागणी नेहमी होते. तिचे काय झाले, हे जुन्नर भागाने पाहिले आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. या भागातून शंभरावर बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. पकडलेले जनावर बिथरते, अनोळखी मुलखात भटकते आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे येते.

त्यांनीच शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागातही काम केले. जवळपास जंगल नसलेल्या या बागायती भागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेवरून आहार तपासला, तर वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के खाणे पाळीव जनावरांचे निघाले. त्यात सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे बिबट्या मुख्यतः कुत्र्यांवर जगतो, आणि कुत्री जगतात ती उकिरड्यावर, कोंबड्यांच्या टाकाऊ मासावर आणि हॉटेलच्या खरकट्यावर.

हे आपल्या औद्योगिक पट्ट्यालाही लागू आहे. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला होता. काही तास काम थांबले आणि वनखात्याने त्याला बेशुद्ध करून बाहेर काढले. तिथे त्याला कोणी हाक मारली नव्हती. तो आपल्या कचऱ्याच्या आणि कुत्र्यांच्या वाटेने इथवर येतो. त्यात आणखी करडाचा आवाज लावून त्याला वस्तीची वाट शिकवू नये.

त्या शेतकऱ्यांच्या मुलाला हे सगळे सांगितले. यंत्र फेकून देऊ नका, कार्डातले करडाचे, सशाचे आणि मादीच्या हाकेचे आवाज पुसून टाका, आणि तेच यंत्र भुईमुगात रानडुकरांसाठी लावा, असे सुचवले. वडील म्हणाले, “म्हंजी बोलवायचं न्हाई, हाकलायचं.” विषय एवढाच आहे.

हाकलणारा आवाज कसा काम करतो?

माळ्यावर बसून पत्र्याचा डबा वाजवणे, गोफण फिरवणे, ‘हो-हो’ करून आरोळ्या देणे, हे आपल्या वाडवडिलांचे राखणीचे शास्त्र होते. त्यात एक मोठी गोष्ट होती. डबा केव्हा वाजेल, हे डुकराला ठाऊक नसे. राखण्या कधी इथून ओरडे, कधी तिथून. यंत्राची गंमत अशी की ते दर पाच मिनिटांनी, त्याच खांबावरून, तोच आवाज काढते. पहिल्या रात्री कळप पळतो. तिसऱ्या-चौथ्या रात्री बांधावर थांबून बघतो. आठवड्याभरात कर्ण्याखालीच भुईमूग उकरतो. जनावर सरावते, यात यंत्राचा दोष नाही. ज्या आवाजामागून काहीच येत नाही, त्याला कोण भिणार?

हैदराबादला राजेंद्रनगरच्या कृषी विद्यापीठात रानडुकरांसाठी असे ध्वनियंत्र तयार करण्याचे काम झाले आहे. त्यात शिकारी प्राण्यांचे आणि संकटात सापडलेल्या जनावरांचे वेगवेगळे आवाज आलटून-पालटून वापरण्यावर भर आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात झालेला आणखी एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाणवठ्यावर सिंहाची गुरगुर आणि माणसांचे साधे बोलणे, असे दोन्ही आवाज लावून पाहिले. जनावरे सिंहापेक्षा माणसाच्या बोलण्याला जास्त घाबरून पळाली. आपल्याकडची जनावरे माणसाचा आवाज रोज ऐकतात, त्यामुळे इतका गुण येईलच असे नाही. पण माणसांच्या गप्पा, आरोळ्या, कुत्र्याचे भुंकणे आणि पत्र्याचा खडखडाट हे आवाज डरकाळीपेक्षा स्वस्त आहेत, बिनधोक आहेत आणि शेजाऱ्याची झोपही कमी उडवतात. वाघ-बिबट्याची डरकाळी लावूच नये. आसपास अफवा उठते, वस्तीवरची माणसे घाबरतात आणि आपल्या हद्दीत दुसरा कोण आला हे बघायला खरा बिबट्याही येऊ शकतो.

खरेदी करताना काय पाहावे?

१) आवाज बदलता यावेत. कार्ड काढून आपल्याला हवे ते आवाज भरता आले पाहिजेत. चार आवाज कायमचे भरलेले बंद खोके घेऊ नये.

२) वेळ ठरलेली नसावी. ‘दर पाच मिनिटांनी’ अशा यंत्रापेक्षा कमी-जास्त अंतराने वाजणारे किंवा जनावराची चाहूल लागल्यावरच वाजणारे यंत्र चांगले. चाहूल घेणारा सेन्सर उष्णता आणि हालचाल ओळखतो. मात्र उन्हात तापलेला दगड, हलणारा पाला किंवा मांजर यांनीही तो चालू होतो. म्हणून तो गुडघ्याच्या उंचीवर, जनावराच्या वाटेला आडवा आणि गवत काढलेल्या जागी बसवावा.

३) ‘माणसाला ऐकू न येणारा आवाज’ या जाहिरातीला भुलू नये. असा बारीक आवाज हवेतच विरतो. ४० हजार कंपनांच्या आसपासचा आवाज दर मीटरला एक डेसिबल किंवा त्याहून जास्त उतरतो, आणि उसाच्या किंवा मक्याच्या पाल्यात तर अडूनच राहतो. घरातल्या कोपऱ्यात त्याचा काय उपयोग होईल तो होवो, एकरभर रानाला तो पुरत नाही.

४) ‘पाच एकर राखतो’ असे सांगितले तर हिशेब मांडावा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. कर्ण्यापासून १ मीटरवर ११० डेसिबल असेल, तर १६ मीटरवर ८६ आणि ६४ मीटरवर ७४ राहतो. चौरस एकराची एक बाजू साधारण ६४ मीटर असते. त्यातही कर्णा समोर जोरात आणि मागे हळू ऐकू येतो. म्हणून एक मोठा कर्णा मधोमध उभा करण्यापेक्षा दोन लहान कर्णे जनावराच्या वाटांवर लावणे बरे.

५) बॅटरीचा हिशेब विचारावा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-तास. २० वॉटचा कर्णा दर दहा मिनिटांत अर्धा मिनिट वाजला, तर सरासरी १ वॉट लागतो. यंत्र जागे राहायला आणखी १ वॉट धरा. बारा तासांच्या रात्रीला २४ वॉट-तास झाले. बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असे ठरवले तरी एक रात्र सहज निघते. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून सौर पट्टी १० ऐवजी २० वॉटची घ्यावी.

६) खोके पावसात टिकणारे असावे आणि दुरुस्ती तालुक्याच्या गावी व्हावी. पावती आणि हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

वापर कसा करावा?

वर्षभर यंत्र वाजवणे म्हणजे जनावरांना त्याची सवय लावणे. पीक जेव्हा खरोखर धोक्यात असते, तेवढेच दिवस ते लावावे. भात निसवून दाणा चिकात असताना, मक्याचे कणीस दुधात असताना, भुईमुगाच्या शेंगा भरताना, असे पिकामागे तीन आठवडे पुरतात. पेरणीनंतर लगेच लावून ठेवले, तर काढणीच्या वेळी त्याचा धाक उरलेला नसतो.

यंत्राची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी. आवाजही बदलावेत. आठवड्यातून एक-दोन रात्री माणसांनी स्वतः बॅटरीचा उजेड आणि डबा घेऊन फेरी मारावी, पण एकट्याने नाही. आवाजामागे खरोखर माणूस येतो, हे जनावराला कळले की यंत्राचा धाक टिकतो. यंत्र राखणदाराच्या हाताखाली काम करते, त्याच्या जागी नाही. शनिवारी ताथवड्याहून जाऊन बटण दाबायचे आणि रविवारी परत यायचे, याला राखण म्हणत नाहीत. शेतावरच्या मजुराला यंत्र नीट शिकवा, त्याच्या फेरीचे पैसे वेगळे द्या आणि त्याच्या झोपडीला पक्के दार आणि बाहेर दिवा द्या. हा खर्च यंत्राच्या किमतीत धरूनच हिशेब करावा.

ज्यांचे रान ताथवड्यातच आहे त्यांच्यासाठी

पुनावळे-ताथवड्यात अजूनही काहींच्या भाजीपाल्याच्या आणि चाऱ्याच्या तुकड्या आहेत. त्यांच्या बांधापलीकडे सोसायटीची भिंत आहे. इथे हिशेब निराळा पडतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. त्यांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा असतो. खासगी जागेतला आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये.

आता वरचाच हिशेब पुढे न्या. ११० डेसिबलचा कर्णा १२८ मीटरवर ६८ आणि अर्ध्या किलोमीटरवर ५६ डेसिबलचा आवाज देतो. मध्ये झाडे-भिंती आल्या तर कमी होईल, पण ४५ पर्यंत उतरेलच असे नाही. ताथवड्यात अर्धा किलोमीटर मोकळे रान आता कोणाकडे आहे? म्हणून इथे रात्री कर्णा लावायचा विचारच करू नये. मोर, पोपट यांच्यासाठी दिवसा हळू आवाजात, चमकत्या फिती आणि जाळी यांच्या जोडीने तो चालेल. रात्रीसाठी चाहुलीवर लागणारा दिवा आणि तारेचे कुंपण हेच बरे. सोसायटीतल्या माणसांशी आधीच बोलून घ्यावे. शेजाऱ्याची तक्रार एकदा पोलीस चौकीत गेली की शेती राहते बाजूला.

जे करू नये ते

डुकरांसाठी तारेत घरगुती वीज सोडणे सर्वांत घातक. दरवर्षी माणसे, गुरे आणि कुत्री त्यात जातात, आणि माणूस गेला तर थेट मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. तो जनावराला परतवतो, मारत नाही. कुंपण घ्यायचेच तर तेच घ्यावे. त्यासाठीच्या सरकारी योजनेत आपले गाव बसते का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावे.

प्लास्टिकच्या नळीत कार्बाइड आणि पाणी घालून बार काढण्याचा प्रकारही बंद करावा. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकांनी अनेक मुलांचे डोळे गेले. पिठाच्या गोळ्यातले गावठी बाँब आणि विषारी आमिष याबद्दल तर बोलायलाच नको.

शेळ्यांच्या राखणीला मात्र कोणतेही यंत्र पुरत नाही. चारी बाजूंनी आणि वरून जाळी मारलेला, कडी लागणारा गोठा हाच इलाज आहे. बिबट्या आठ-दहा फुटांची भिंत सहज चढतो, त्यामुळे वरून उघडा गोठा म्हणजे त्याच्यासाठी वाढलेले ताट. गोठ्याभोवतीचे गवत काढावे, दिवा लावावा, मेलेली कोंबडी-करडू उघड्यावर टाकू नये आणि मुलांना अंधारात एकटे पाठवू नये. जुन्नर वन विभागाने काही गावांत बिबट्याची चाहूल लागताच भोंगा वाजवणारी यंत्रणा बसवली आहे. ती माणसांना सावध करण्यासाठी आहे. भोंगा वाजला की बघायला बाहेर पडायचे नसते, घरात जायचे असते.

नुकसान झालेच तर

बिबट्या दिसला किंवा जनावर मारले गेले, तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जनावराचा मृतदेह हलवू नये, फोटो काढून ठेवावेत. शक्य तो त्याच दिवशी, उशिरात उशिरा ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे लेखी कळवावे. पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला झाला की बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती भरपाई मिळते. मृतदेह पुरून मग अर्ज केला तर हाती काही लागत नाही. पिकाचे नुकसान झाले तर तलाठी, सहायक कृषी अधिकारी आणि वनरक्षक यांच्याकडे लगेच अर्ज द्यावा. वन्य प्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान २०२६ च्या खरिपापासून पीक विम्यात धरले जाईल, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी ७२ तासांच्या आत कळवण्याची अट आहे. आपल्या जिल्ह्यात कोणते पीक आणि कोणता प्राणी त्यात धरला आहे, हे विमा भरतानाच विचारून घ्यावे.

यंत्र आधीच घेतले असेल, तर आज एकच काम करावे. घरात, दारे लावून, अगदी हळू आवाजात कार्डावरचे सगळे आवाज एकदा ऐकावेत. करडू, ससा, पाडस, मादीची हाक आणि वाघ-बिबट्याची डरकाळी पुसून टाकावी. राहिलेल्या आवाजांची यादी करून खोक्याच्या झाकणावर चिकटवावी आणि शेतावरच्या माणसाला वाचून दाखवावी. नवे घेणार असाल, तर दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. आवाज बदलता येतात का आणि नको ते पुसता येतात का, हे विचारा. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे भाव करावा.